हौदाची वाटणी

नेरूरकरांच्या घरात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्याचा मान थोरल्या सुनेचा. गलबते गेली, गलबतांचा धंदा गेला, वखारीच्या जागी समुद्री औषधांची प्रयोगशाळा उभी राहिली. मान मात्र जिथल्या तिथे राहिला. डॉ. वैजयंती नेरूरकर या घरात आल्या तेव्हापासून सोनेरी कागदात गुंडाळलेला तो नारळ दरवर्षी त्यांच्याच हातून पाण्यात गेला होता. यजमान वारल्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला गावातल्या दोघीतिघी कुजबुजल्या, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे नुसते वळून पाहिले होते. तेवढे पुरले.

त्या वर्षी मात्र रत्नागिरीची बैठक आटोपून परतताना बाई कुडाळच्या अलीकडे अडकल्या. चालकाविना धावणाऱ्या नव्या गाड्यांना मिरवणूक दिसली की त्या जागच्या हलत नसत, आणि त्या दिवशी वळणावळणावर मिरवणूक होती. गाडी मऊ आवाजात पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहिली. बाई तिला खडसावत राहिल्या. अखेर त्या वेंगुर्ल्याच्या दक्षिणेकडील आपल्या धक्क्यावर पोचल्या, तेव्हा नारळ लाटांवर डुलत होता, आणि पायरीवर हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभी होती त्यांची धाकटी जाऊ, उल्का.

"भरती ओसरायला लागली होती, वहिनी," उल्का म्हणाली. "वेळ टळली असती."

"माझ्यासाठी वेळ थांबली असती," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि प्रसादाला हात न लावता घरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाटणी मागितली.

वाटणी घराची नव्हती; चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या. वाटणी मागितली होती प्रयोगशाळेमागच्या लांबलचक हौदाची. संस्था दोघा भावांनी मिळून उभारलेली. थोरल्यांचा अर्धा वाटा वैजयंतीबाईंकडे आलेला, उरलेला अर्धा उल्काच्या यजमानांचा. हे माधवराव भांडणाचा वास आला की होडीचे इंजीन दुरुस्त करायला निघून जाणारे गृहस्थ होते. ते त्या सकाळीही गेले. सुतार आले, हौदाच्या मधोमध जाड पारदर्शक तक्ता बसवला गेला, आणि पाण्याच्या नळ्यासुद्धा दोन झाल्या.

"पाणीही वेगळं?" उल्काने विचारले.

"पाणीही."

"बरं. समुद्र तेवढा सामायिक राहू द्या. त्याला तक्ता बसायचा नाही."

या हौदात काय होते, ते आता सांगितले पाहिजे.

निवतीच्या दीपगृहापलीकडे जे खडक आहेत, त्यांच्या पोटाखालच्या अंधारात एक काळा स्पंज वाढतो. स्पंज हा प्राणी. पण त्याला ना पाय, ना दात, ना कवच. जन्मल्या जागी चिकटून बसायचे आणि पाणी गाळून पोट भरायचे, एवढेच त्याचे आयुष्य. अशा प्राण्याला जगायचे तर विष बाळगावे लागते, आणि ते विषही हा स्वतः करीत नाही. त्याच्या अंगात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव ते तयार करतात. वैजयंतीबाईंनी ऐन उमेदीची वर्षे खर्ची घालून त्या अर्कातून एक द्रव्य वेगळे केले. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या आत सूक्ष्म दोर ताणले जातात आणि ते गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. बाईंचे द्रव्य त्या दोरांना जणू गाठ मारते. पेशीला धड दुभंगता येत नाही, धड मागे फिरता येत नाही, आणि ती मरते. कर्करोगाची पेशी सतत दुभंगण्याच्या घाईत असते, म्हणून ती आधी मरते. या द्रव्याचे नाव वैजयंतिन. नाव कुणी दिले, हे कोणी विचारीत नसे.

त्याच्या रेणूची रचना इतकी वळणावळणाची की कारखान्यात ते बनवणे कुणालाच जमले नव्हते. ते सूक्ष्मजीवही स्पंजाबाहेर काढले की मरत. तेव्हा औषध हवे तर स्पंज जगवायचा, हा एकच मार्ग होता. आणि स्पंज जगवणे हे काम उल्काचे होते.

इथेच खरे दुखणे होते. वैजयंतीबाईंपाशी परदेशातली पदवी होती, मानपत्रे होती, आणि संस्थेच्या दिवाणखान्यात त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. पण त्यांनी लावलेला स्पंजाचा तुकडा आठवडाभरात पांढरा पडून सडे, आणि उल्काने लावलेला तुकडा दगड धरी. उल्का देवबागची, पाण्यात वाढलेली, मुंबईत जीवशास्त्राची पदवी घेतलेली, पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतः खडकांखाली उतरणारी. पाहुणे आले की बाई व्याख्यान देत आणि पाहुणे उल्काचे फोटो काढीत. एका दैनिकाने तिला 'समुद्राची सून' म्हटले होते. तो अंक बाईंनी भर दुपारी बंबात घातला होता.

आणि उल्काला शाल्मली होती.

वैजयंतीबाईंना मूल झाले नाही. पुतणी मात्र त्यांच्याच मांडीवर वाढली. तिची अक्षरे त्यांनी गिरवून घेतली, तिला पोहायला उल्काने शिकवले. आणि ती बाईंना 'मोठीआई' म्हणत असे. होड्यांच्या रचनेचे शिक्षण घ्यायला ती पणजीला गेली, आणि विशीत पाऊल टाकते तोच तिच्या लसिकाग्रंथींत कर्करोग निघाला. इतर औषधे हरली. वैजयंतिनच्या चाचणीत तिचे नाव घातले गेले, दर महिन्याला एक मात्रा सुरू झाली, आणि गाठी विरघळल्या. औषध रोग दाबून ठेवीत होते. मुळासकट उपटीत नव्हते. मात्रा चुकवून चालणार नव्हते.

औषधाच्या प्रत्येक हप्त्याची पारख साक्षीपट्टीवर होत असे. साक्षीपट्टी म्हणजे पत्त्याच्या पानाएवढी एक काच. तिच्यावरच्या सूक्ष्म वाफ्यांत रुग्णाच्या स्वतःच्या रोगाच्या पेशी वाढवलेल्या. जिवंत असेपर्यंत त्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. औषधाने मेल्या की विझतात. दुसऱ्या कुणाच्या पेशींवरून अंदाज बांधण्याचे दिवस मागे पडले होते. ज्याचे दुखणे त्याचीच साक्ष. शाल्मलीची पट्टी वाटणीनंतर वैजयंतीबाईंच्या बाजूला राहिली. उल्काने त्यावर हक्क सांगितला नाही. मुलीला खाऊ पाहणारी ती हिरवी चमक तिने एकदाही पाहिली नव्हती. बाई मात्र त्या पेशींना रोज ठरल्या वेळी पोषकरस घालीत. शाल्मलीचे काहीतरी आपल्या हातून जगते आहे, या विचाराने त्यांना जे समाधान होई त्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटे.

वाटणीत काळा स्पंज बाईंकडे आला. उल्काने आपला नारिंगी स्पंज उचलून पलीकडे नेला. हा नारिंगी स्पंज खडकांवरून काळ्याबरोबर आपसूक आलेला. उल्काने तो पाणी स्वच्छ राखतो म्हणून ठेवला होता. काळ्याच्या अंगाला तो सारखा लगटलेला असे, त्याच्यावर चढू पाही. बाई त्याला तण म्हणत.

आणि काय आश्चर्य, तण जाताच बाईंचे स्पंज फोफावले! जे तुकडे पूर्वी मुठीएवढे राहत, ते पाहता पाहता भाकरीएवढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या हाताखाली काही वाढत होते. दिवाळीच्या सुटीला शाल्मली घरी आली, तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून हौदापाशी नेले.

"बघ. कोण म्हणत होतं माझ्या हाताला यश नाही?"

"कोण म्हणत होतं?"

"तुझी आई. तोंडानं म्हणत नव्हती एवढंच."

शाल्मली हसली. "मोठीआई, तुमचं दोघींचं एक कार्टून काढायला हवं. मी काल आईच्या बाजूला गेले तर ती म्हणाली, 'तिकडचे स्पंज सुजलेत, वाढलेले नाहीत.'"

"जळते ती."

"आणि तू?"

"मी कशाला जळू? माझे भाकरीएवढे झालेत."

शाल्मलीने पाण्यावरची नजर काढली. तिने बाईंचा हात उचलला आणि आपल्या मानेवर, कानाच्या खाली ठेवला. बोटांखाली वाटाण्याएवढी एक गाठ होती.

"आईला आत्ताच सांगू नकोस," ती म्हणाली. "सण होऊ दे."

वैजयंतीबाईंनी गाठ पुन्हा चाचपली, आणि त्यांना भय वाटले. पण त्या भयाच्या अगदी पाठोपाठ, त्याच्या पदराला धरून, दुसरेही काही आत आले: हिने आधी मला सांगितले. आईच्या आधी मला. त्या क्षणीही त्यांना ते गोड वाटले. आपल्याविषयी त्यांनी पुष्कळ काही चांगले मानून ठेवले होते. ही गोष्ट त्यात बसवायला जागा सापडेना.

त्या दुपारीच त्यांनी नव्या हप्त्याचा थेंब शाल्मलीच्या पट्टीवर टाकला. हिरवी चमक किंचित मंदावली, आणि पुन्हा उजळली. वाटणीनंतरचे सगळे हप्ते त्यांनी एकेक करून पुन्हा पारखले. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा दुबळा. दर वेळी घट थोडी होती, आणि यंत्राने ती 'मर्यादेत' म्हणून सोडून दिली होती. मर्यादा ठरवणाऱ्या बाईच होत्या. स्पंज दुप्पट झाला होता आणि औषध नाहीसे होत चालले होते.

पणजीहून शाल्मलीवर उपचार करणाऱ्या डॉ. केळुसकरांचा फोन आला. ते शांत गृहस्थ होते; त्यामुळे त्यांचे शब्द अधिक जड वाटले. "बाई, जुन्या हप्त्यातलं माझ्याकडे जे आहे ते शाल्मलीच्या एकाच मात्रेपुरतं आहे. बाकीच्या रुग्णांच्या पट्ट्याही हेच सांगतायत. तुमच्याकडे काय बदललं?"

"काहीही नाही," बाई म्हणाल्या. "उलट सुधारणा झाली आहे."

फोन ठेवल्यावर त्यांना उत्तर सुचले. बदल एकच झाला होता, आणि तो तक्त्यापलीकडे बसला होता. उल्काने काहीतरी केले होते. तिच्या तणातून काहीतरी झिरपत होते. नळ्या वेगळ्या असल्या तरी सांडपाणी एकाच चरातून जात होते. हा संशय मनात येताच बाईंना हायसे वाटले. दोष द्यायला ओळखीची जागा मिळाली की माणसाला सुचेनासे होते, आणि त्यालाच तो सुचणे समजतो.

पुरावा शोधायला त्या हौदात वाकल्या. पुरावा सापडला. सुताराने तक्ता कोपऱ्यात नीट बसवला नव्हता; भिंतीशी बोट जाईल एवढी फट राहिली होती, आणि त्या फटीतून उल्काचा नारिंगी स्पंज त्यांच्या हद्दीत शिरला होता. शिरून गप्प बसला नव्हता. कोपऱ्यातल्या काळ्या स्पंजाला त्याने कडेने गाठले होते. तिथला काळा अंग चोरून, आक्रसून, घट्ट झाला होता. अख्ख्या हौदात तो एकच तुकडा रोडावलेला होता.

"बघा," बाई स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या, "बघा हिचा शेजार!"

त्यांनी नारिंगी तुकडा कापून एका वाटीत ठेवला आणि रोडावलेल्या काळ्याचा अर्क काढायला घेतला. त्यात औषधाचा मागमूस नाही, हे पट्टीवर दाखवायचे, तो निकाल माधव भावोजींपुढे ठेवायचा आणि नारिंगी तण संस्थेच्या आवारातून कायमचे घालवायचे, असे त्यांनी ठरवले. अर्काचा थेंब त्यांनी जवळजवळ उत्साहाने पट्टीवर सोडला.

सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या पेशी विझू लागल्या. कडेच्या आधी, मग मधल्या. एखाद्या वस्तीतले दिवे जावेत तशा एकामागून एक गेल्या, आणि तो वाफा काळा झाला. जुन्या सर्वोत्तम हप्त्यानेही पेशी इतक्या लवकर विझल्या नव्हत्या.

बाई खुर्चीवर बसल्या. त्या अहंकारी होत्या, पण मूर्ख नव्हत्या. क्षणभरात त्यांना सगळे कळले, आणि कळल्यावर आपल्याला हे इतकी वर्षे कसे कळले नाही याचा त्यांना राग आला.

खडकाखाली जागा थोडी. स्पंजाला पळता येत नाही. शेजारी पसरू लागला, अंगावर चढू लागला, की त्याची वाढ रोखणे हाच जगण्याचा उपाय. शेजारी पसरतो कसा? त्याच्या पेशी दुभंगून. म्हणून हे विष नेमके दुभंगण्यावर उठते. शिकारी माशांशी, रोगजंतूंशी त्याचे देणेघेणे नाही. ते शेजाऱ्यासाठी आहे. आणि शेजारी नसेल तर ते तयार करण्याचे कारणच उरत नाही. काळ्या स्पंजाने विष बंद केले, वाचलेली शक्ती अंगावर चढवली, आणि तो सुखाने भाकरीएवढा झाला. आजवरचा प्रत्येक तुकडा त्या नारिंगी तणाच्या कुशीतून आला होता. त्यांनी लावलेल्या शोधाला उल्काच्या तणाचा शेजार लागत होता.

हे या घडीला फक्त त्यांना ठाऊक होते.

आणि इथे वैजयंतीबाईंनी जे केले ते सांगायला बरे वाटत नाही. पण त्यांनी ते केले. वाटीतला नारिंगी तुकडा त्यांनी फेकला नाही. तो आपल्या हौदाच्या मध्यभागी, सर्वांत मोठ्या काळ्या स्पंजाला लगटून बांधला. तण तेच, शेजार तोच. मग उल्काला विचारायचे कारण काय? तुकडा धरला, पसरला, की काम झाले. वैजयंतिन वैजयंतीबाईंचेच राहील.

दोन दिवस काळ्याची कड आक्रसली. बाईंच्या मनात दिवाळी परतली. मग त्या मातलेल्या काळ्याने त्या चिमुकल्या नारिंगीला एका बाजूने झाकायला सुरुवात केली, आणि आठवडा संपायच्या आत गिळून टाकले. अर्कात थोडा जोर आला होता तो ओसरला. वैरी नावापुरता असून भागत नव्हते. त्याला जिंकण्याची खरी संधी असावी लागत होती. तेवढा दांडगा नारिंगी स्पंज साऱ्या किनाऱ्यावर एकाच माणसाच्या हाताखाली होता.

त्याच दिवशी शाल्मलीने पणजीहून कळवले, की जुन्या साठ्यातली शेवटची मात्रा तिला दिली आहे, आणि आईला तिने अजून काही सांगितलेले नाही.

वैजयंतीबाईंनी केस बांधले, पातळ बदलले, आणि इमारतीला वळसा घालून, कित्येक महिन्यांनी, हौदाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या.

उल्का कठड्यावर बसून नारिंगी स्पंजाचे तुकडे दोरीला बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"या. वाट आठवली?"

"बस म्हणायची पद्धत आहे."

"हौद अर्धा तुमचा, कठडाही अर्धा तुमचा. बसा तुमच्या अर्ध्यावर."

बाई बसल्या नाहीत. "तुझा स्पंज माझ्या हद्दीत शिरला होता."

"मग? कोर्टात जाताय?"

"तो जिथे शिरला तिथेच औषध सापडलं, उल्का. बाकी अख्ख्या हौदात कुठेही नाही."

दोरी उल्काच्या हातात तशीच राहिली. बाईंनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. व्याख्यानात सांगत तसे, मुद्द्यामागून मुद्दा, आवाज न चढवता. वाटीतल्या तुकड्याचे आणि त्याला गिळल्याचेही सांगितले. तेवढे सांगताना त्यांनी समुद्राकडे पाहिले.

"म्हणजे तुमचा एकटा वाढला की बिनकामाचा," उल्का सावकाश म्हणाली, "आणि माझा त्याच्या उरावर बसला की औषध."

"शब्द तुझे. अर्थ बरोबर."

उल्का हसली, मनापासून, मान मागे टाकून हसली. मग तिचे हसू अर्ध्यावर थांबले. ती हिशेबाला कच्ची नव्हती.

"वाटणीपासून औषध नाही. मग माझ्या पोरीला इतके महिने काय देत होते?"

बाईंची बोटे नकळत स्वतःच्या कानाखाली गेली.

"गाठ परत आलीय?"

"मानेला. लहान आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीत."

"तिनं तुम्हाला सांगितलं." हा प्रश्न नव्हता. उल्काने दोरी बाजूला ठेवली आणि ओले हात पदराला पुसले, खूप वेळ पुसले. "पहिल्या खेपेलाही तुम्हालाच सांगितलं होतं. मला डॉक्टरांच्या फोनवरून कळलं. वीस वर्षं मी तिची आई आहे, वहिनी, आणि भ्यायली की ती तुमच्याकडे पळते. माहीत आहे कसं वाटतं ते?"

"मला कसं माहीत असणार?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पळून येते आणि तुझ्याकडे परत जाते. मला एवढंच माहीत आहे."

खाली धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटत होते. उल्का उठली.

"त्या दिवशी भरती ओसरत नव्हती," ती म्हणाली. "तासभर चांगली टिकली असती. मी मुद्दाम टाकला नारळ. म्हटलं, सगळे मान हिलाच का?"

वैजयंतीबाईंना अशा वेळी संताप यायला हवा होता. पण आपला संशय खरा होता, आपण उगाच कांगावा केला नव्हता, या जाणिवेने त्यांना इतके बरे वाटले, की कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा श्वास छातीच्या तळापर्यंत गेला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आता तक्ता काढ."

"तुम्ही बसवलात. तुम्ही काढा."

तो एकटीला निघण्यासारखा नव्हता. दोघींनी दोन बाजूंनी धरून ओढला. निघता निघता त्याने दोघींनाही भिजवले, आणि दोन्हीकडचे पाणी एक झाले.

पुढची रीत उल्काने बसवली. काळ्यासमोर तोलामोलाचा नारिंगी लावायचा; कड कडेला टेकली पाहिजे. नुसते एकाचे पाणी दुसऱ्याला दाखवून पाहिले, पण काळा फसला नाही. त्याला प्रत्यक्ष अंग लागावे लागे. ज्याचे पारडे जड होईल त्याला छाटायचे. काळा जिंकला तर विष थांबते; नारिंगी जिंकला तर काळाच मरतो.

"म्हणजे भांडण पेटतं ठेवायचं, पण कुणाला जिंकू द्यायचं नाही," उल्का म्हणाली.

"मिटलं की औषध संपलं."

"हे काम आपल्याला जमेल," उल्का म्हणाली, आणि या एका गोष्टीवर दोघींचे एकमत झाले.

पहिला जोरकस अर्क हाती आला, तेव्हा बाईंनी शाल्मलीची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि स्वतः बाजूला सरल्या. "तू बघ."

उल्काने एक पाऊल मागे घेतले. मग खुर्ची ओढून बसली आणि डोळा लावला. तिच्या मुलीला खाणारी ती हिरवी वस्ती तिने प्रथमच पाहिली. आणि ती विझताना पाहिली. शेवटची चमक गेली तरी ती डोळा काढीना. बाई शेजारी उभ्या होत्या. ते दृश्य आज आपल्याला पाहायला मिळाले नाही, ही चुटपुट त्यांना लागली, आणि त्यांनी ती कुणाला दिसू दिली नाही.

ताजी मात्रा पणजीला गेली. मार्गशीर्ष संपेपर्यंत मानेवरची गाठ बोटांना लागेनाशी झाली. इतर रुग्णांच्या पट्ट्याही विझल्या. पुढे इतर देशांतल्या प्रयोगशाळांनीही आपल्या हौदांत वैरी आणून सोडले. ज्या प्राण्यांच्या अर्कात काहीच नाही म्हणून फायली बंद झाल्या होत्या, ते शेजारी मिळताच बोलू लागले. या पद्धतीला वैरजोड असे नाव मिळाले. द्रव्याच्या नावात उल्काचेही नाव घालावे, अशी सूचना शाल्मलीने जेवताना मांडली.

"नाव ठरलेलं आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"राहू दे गो," उल्का म्हणाली. "त्याला जगवतं कोण, ते स्पंजाला माहीत आहे."

"आमटी वाढ," वैजयंतीबाई म्हणाल्या.

पुढच्या नारळी पौर्णिमेला धक्क्यावर गर्दी होती. वैजयंतीबाई सकाळपासून घराबाहेर पडल्या नव्हत्या; यंदा कुठल्याही गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. भरती चढली तशा त्या हातात सोनेरी नारळ घेऊन पायऱ्या उतरल्या. खालच्या पायरीवर उल्का उभी होती. तिच्याही हातात सोनेरी नारळ होता.

गाव टाचा उंचावून पाहू लागले. माधवरावांनी इंजिनाची आठवण होऊन इकडेतिकडे पाहिले.

"घरात मान एकच आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"समुद्र सामायिक आहे, जाऊबाई," उल्का म्हणाली.

बाईंनी एकदा तिच्या नारळाकडे पाहिले. कागद आपल्यापेक्षा नीट गुंडाळलेला होता. मग त्या एक पायरी सरकल्या, जेमतेम एका माणसापुरती जागा झाली, आणि खांद्याला खांदा घासून दोघी उभ्या राहिल्या. रीतीने नारळ पाण्यात अलगद सोडायचा असतो. त्या दिवशी दोघींनीही तो भिरकावला. वैजयंतीबाईंचा पदर खांद्यावरून घसरला, उल्काची बांगडी फुटली, आणि दोन सोनेरी नारळ लाटांवर आपटून आत ओढले गेले.

शाल्मली सर्वांत पुढे, धक्क्याच्या टोकाला उभी होती. तिचे केस आता कानांखाली आले होते आणि वाऱ्याने तोंडावर येत होते. नारळ कुठे पडले, ते तिच्याइतके स्वच्छ कुणालाच दिसले नसते.

"काय गो," उल्काने हाक मारली, "कुणाचा लांब गेला?"

वैजयंतीबाईंनी विचारले नाही. पण त्या पदर सावरायच्या थांबल्या होत्या.

शाल्मली वळली. एकीकडे आई आणि एकीकडे मोठीआई, दोघी सारख्याच टक लावून तिच्याकडे पाहत होत्या. तिने नकळत हात मानेकडे नेला, कानाखाली, जिथे आता काही नव्हते.

"मला दिसलंच नाही," ती म्हणाली. "नेमकी लाट आडवी आली."